हजारभर रुपयांची अवजारं आणि घरी बांधलेला रॉड

समुद्रावर गळ टाकून मासे गरवणाऱ्याच्या रॉडचं आयुष्य ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ काठी, मोडून क्वचितच संपतं. आधी जातात ती गाईडं, म्हणजे लाईन ज्यांतून जाते त्या कड्या. खाऱ्या हवेत फ्रेम गंजते, आतली सिरॅमिकची रिंग सैल होऊन कधीतरी निसटते आणि उरलेल्या कडेवर विणलेली (ब्रेडेड) लाईन घासली की गळ दोन-चार वेळा फेकताच कापली जाते. रत्नागिरीत सामान विकणारी दुकानं आहेत, गाईड बदलून देणारा कोणी मला सापडला नाही. मुंबईला पाठवायचं तर आठ-नऊ फुटांची लांबी पाहून कुरिअरवाला जे भाडं सांगतो त्यात साधासा नवा रॉड येतो.

म्हणून घरी बांधायचं बरीच वर्षं डोक्यात होतं, पण अवजारांपाशी गाडी अडायची. रॉड बांधणी शिकवणारे बहुतेक लोक परदेशातले. त्यांच्या टेबलावर दोरा गुंडाळायचं विजेवरचं यंत्र, रॉड सुकवायची मोटर, मुठीचं भोक मोठं करायच्या कानशींचा संच, मुठीच्या कॉर्कसाठी छोटं लेथ. हे सगळं मागवायचं तर एका रॉडच्या हौसेपायी दहा रॉडचे पैसे जातील. 2025 च्या पावसाळ्यात शेवटी मी ते घरच्या घरी जमवलं. कसं, किती पैशांत आणि कुठे किती वाट बघावी लागली, ते क्रमाने लिहितो. रॉड बांधायची कृती पूर्ण दिलेली नाही, अवजारांच्या अनुषंगाने येईल तेवढीच.

आधी एक गोष्ट कागदावर मांडली, तिचा पुढे फार उपयोग झाला. त्या महागड्या यंत्रांची कामं तीनच असतात: रॉड आडवा आणि समतल धरायचा, गाईड ब्लँकला बांधणारा दोरा ताणलेला ठेवायचा, आणि त्या दोऱ्यावर लावलेलं एपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून होणारा लेप, सुकेपर्यंत रॉड हळूहळू फिरवत राहायचं. बाकी सगळं सोयीसाठी. एवढं कळलं की घरात आणि बाजारात शोधायला नजर मोकळी होते.

एप्रिलमध्ये ब्लँक मागवला. इथे काटकसर केली नाही, कारण ब्लँक घरी बनत नाही. सिंगापूरच्या एका दुकानातून नऊ फुटांचा, तीन तुकड्यांचा, जेट्टीवरून जिताडा-तांबोशीसाठी चालेल असा घेतला. तीन तुकड्यांचा अशासाठी की एकेक तुकडा तीन फुटांच्या आसपास येतो आणि पार्सलचं भाडं आवाक्यात राहतं. ब्लँक 5,400, भाडं 1,900.

मग कस्टम. पार्सल मुंबईत येऊन थांबलं आणि कागदपत्रं मागणारं पत्र आलं: खरेदीचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा, पॅन आणि आधारची प्रत, वस्तू कशासाठी हवी आहे याचा खुलासा. बिलावर दुकानदाराने नुसतं ‘कार्बन ट्यूब’ लिहिलं होतं, त्यामुळे पुन्हा एक पत्र आलं आणि मे महिन्याचा बराचसा भाग त्या पत्रापत्रीत गेला. तुम्ही मागवणार असाल तर विक्रेत्याला आधीच सांगा की बिलावर ‘मासेमारीच्या रॉडचा ब्लँक, वैयक्तिक वापरासाठी, एक नग’ असं स्वच्छ लिहून द्या, आणि दुकानाच्या पानाचा फोटो, बँकेचा उतारा वगैरे एकाच फाईलमध्ये तयार ठेवा. शेवटी सुमारे 2,800 रुपये शुल्क लागलं. ते पोस्टमन पार्सल देताना घेतो आणि पावती देतो. ती जपून ठेवा, पुढच्या वेळी पुरावा म्हणून जोडता येते.

ब्लँक हातात आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. त्या वर्षी तो मेच्या 25 तारखेलाच कोकणात उतरला. यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, किनाऱ्यावरून गरवणाऱ्यालाही खवळलेल्या पाण्यात फारसं काही करता येत नाही. अवजारं करायला याहून चांगला काळ नाही. एपॉक्सीसाठी मात्र याहून वाईट काळ नाही. ते पुढे येईलच.

नव्या ब्लँकला हात लावायच्या आधी जुन्या, गाईड गेलेल्या रॉडवर हात बसवायचं ठरवलं. पहिला स्टँड म्हणजे पुठ्ठ्याची आंब्याची पेटी. झाकण कापून टाकलं आणि समोरासमोरच्या भिंतींना इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचा पाडल्या. पेटीत तळाला दोन विटा ठेवल्या, नाहीतर दोरा ओढला की पेटी टेबलावरून चालायला लागते. दोऱ्याचं रीळ चहाच्या कपात टाकलं, दोरा एका जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून काढला आणि पुस्तकावर पोळपाट ठेवला. पोळपाट कमीजास्त सरकवला की ताण कमीजास्त होतो. खर्च शून्य. घरातल्यांचे शेरे वेगळे.

आई म्हणाली, “पोळ्या करायच्या आहेत, तुझं ते संपलं की सांग.” म्हणून दुसऱ्या दिवसापासून पोळपाटाऐवजी पाण्याची बाटली.

हसण्यावारी नेऊ नका, ही जोडणी खरोखर काम करते. एक-दोन गाईडं बदलायची असतील तर याच्या पुढे जायची गरजच नाही. त्रास एवढाच की पुस्तकातून दोरा कधी अडकत येतो, कधी सुळकन येतो, आणि उलट फिरवायची वेळ आली की तो सैल पडून सगळे वेढे विस्कटतात. नऊ फुटी रॉडवर टॉप, म्हणजे टोकाचं गाईड, सोडून नऊ-दहा गाईडं येतात. गाईडचा ब्लँकवर टेकणारा प्रत्येक पाय दोऱ्याने गुंडाळायचा, त्या गुंडाळीला रॅप म्हणतात, आणि दोन पायांच्या गाईडला दोन रॅप. इतकं सगळं पुस्तकावर करायची माझी तयारी नव्हती.

जूनच्या मध्यावर बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. मशीनवर वरच्या दोऱ्याला ताण देणारा जो भाग असतो त्याला शिंपीही ‘टेन्शन’च म्हणतात: दोन गोल तबकड्या, त्यांच्यावर दाबणारी शंकूच्या आकाराची स्प्रिंग आणि ती आवळायची चाकी. परदेशात रॉड बांधणारे नेमकी हीच रचना वेगळ्या नावाने कितीतरी पटीने महाग घेतात.

“कुठल्या मशीनचं पाहिजे?” दुकानदारमामांनी विचारलं.

“मशीनला नकोय, लाकडावर बसवायचंय. रॉडला दोरा गुंडाळायला.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खालच्या खोक्यातून एक पूर्ण संच काढला, त्यात दोरा अडकवून बोटाने ओढून दाखवला आणि म्हणाले, “मग ही आतली काडी काढून टाक. पाय उचलला की टेन्शन सोडायला असते ती. तुझ्या लाकडाला पाय कुठला?” सत्तर रुपये घेतले. ती काडी ठेवली असती तर तबकड्या अधूनमधून उघडत राहिल्या असत्या, हे मला कुठल्याही व्हिडिओत दिसलं नव्हतं.

टेन्शन किती आवळायचं याला आकडा नाही. गाईडचा एक पाय गुंडाळून झाल्यावर अंगठ्याने गाईड बाजूला ढकलून बघायचं. जोर लावल्यावर किंचित सरकलं पाहिजे, कारण सगळी गाईडं बसल्यावर ब्लँकच्या बुडाकडून डोळा लावून ती एका रेषेत आणायची असतात. आपोआप सरकत असेल तर ढिलं. जोर लावूनही हलत नसेल तर जास्त, आणि तेवढ्या ताणाने पायाची कड ब्लँकमध्ये रुतू शकते. कार्बनला ते मानवत नाही.

जून संपताना ओळखीच्या सुतारभाऊंकडून लाकडी स्टँड करून घेतला. बारा एमएमच्या प्लायचे उरलेले तुकडे त्यांच्याकडेच होते. तीन फुटांची फळी, त्यावर आठ इंच उंचीचे तीन खांब. दोन टोकांना पक्के, मधला खाचेतून सरकणारा. खाचांना खुर्चीच्या पायाखाली लावायच्या चिकटणाऱ्या फेल्टच्या गोळ्या अर्ध्या कापून लावल्या, म्हणजे ब्लँकवर ओरखडे येत नाहीत. मजुरी दीडशे, फेल्ट साठ. समोरच्या बाजूला एक पट्टी, तिच्यावर टेन्शन आणि रिळासाठी उभा खिळा. करून घेताना एकच आग्रह धरा: तिन्ही खाचांचा तळ एका उंचीवर हवा. सुतारभाऊंनी तिन्ही खांब एकत्र शिकंजात धरून एकाच वेळी खाच कापली, त्यामुळे प्रश्नच आला नाही.

आता छोट्या गोष्टी, भराभर सांगतो. गाईड तात्पुरतं धरून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक रिंगा, पंक्चरवाल्याने फुकट दिल्या. दोऱ्याच्या वेढ्यांमधल्या फटी बंद करायला आईच्या क्रोशाच्या सुईची मागची गुळगुळीत बाजू. खुणांसाठी शिंप्याची पांढरी पेन्सिल. दोरा कापायला नवं कोरं ब्लेड, अर्धं करून. ब्लेडमध्ये कंजुषी नको, बोथट पातं दोरा कापत नाही, त्याचे तंतू ओढतं आणि त्या तंतूंवर एपॉक्सीचे काटे उभे राहतात. जुन्या रॉडवरचं एपॉक्सी काढायला मात्र ब्लेड वापरू नका. हेअर ड्रायरने गरम केलं की ते नखाने सुटतं.

मुठीच्या ईव्हीए फोमचं भोक मोठं करायला लागणारा निमुळता रीमर मोडक्या फायबरच्या रॉडपासून झाला. रॉड आधीच निमुळता असतो, आपल्याला हवा तो उतार त्याला आयताच असतो. साठ नंबरच्या पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी गोंद लावून तिरकी गुंडाळत नेली, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधली. ईव्हीए त्यावर सरकवून हाताने फिरवायचं आणि दर थोड्या वेळाने ब्लँकवर घालून बघायचं. ड्रिलला लावायचा मोह होतो, पण ईव्हीए तापलं की ताणतं आणि भोक वाकडं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोटरचा शोध सुरू केला. एपॉक्सी लावल्यावर रॉड सतत फिरता राहिला नाही तर ते खालच्या बाजूला ओघळून गोळा होतं. वेग मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांपासून अठरा-वीसपर्यंत काहीही चालतो. सगळे मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर सुचवतात. भंगारवाल्याकडे एक मिळालीही, पण तिच्यावर 21 व्होल्ट लिहिलेलं होतं. अशा बऱ्याच मोटरी असतात आणि त्या थेट घरच्या 230 व्होल्टवर लावल्या तर जळतात. मोटरवरचं लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. माळ्यावरच्या गणपतीच्या सामानात मखरातलं फिरतं चक्र होतं, तेही लावून पाहिलं. चक्र फिरवायला ती मोटर ठीक, रॉडचं वजन येताच थांबत होती.

शेवटी उत्तर मिळालं ते इलेक्ट्रिकच्या दुकानात, एकशे चाळीस रुपयांना: कूलरच्या झडपा हलवणारी स्विंग मोटर. थेट 230 व्होल्टवर चालते, मिनिटाला पाच-सहा फेरे, वीज तीन-चार वॅट. चालू करताना ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरते आणि कुठे अडली तर उलट फिरू लागते. या जातीच्या मोटरीचा तो स्वभावच आहे, बिघाड नाही, आपल्या कामाला दोन्ही दिशा सारख्याच.

रॉडचं बूड धरायला पीव्हीसी पाइपची दीड इंची एंड कॅप घेतली, कडेला सारख्या अंतरावर तीन भोकं पाडून तीन स्क्रू बसवले, टोकांना सायकल ट्यूबचे तुकडे. कॅपच्या मध्यभागी मोटरचा दांडा एम-सीलने पक्का केला. एम-सील घट्ट होईपर्यंत कॅप मोटरवरच हळूहळू फिरवत, डोळ्याने मध्य साधत बसलो. इथे मध्य चुकला तर रॉड दर फेऱ्याला वर-खाली झुलतो. आणि एक मनापासून सांगणं: मोटरच्या पिना उघड्या असतात आणि त्यात घरचा पूर्ण दाब असतो. मी मोटर प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवली, वायर, बटण आणि प्लगसह त्याचे एकशे तीस रुपये झाले. हा खर्च वाचवायचा नाही.

जुलैच्या मध्यावर जुन्या रॉडवर एपॉक्सीचा पहिला प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी रॅप दुधाळ, वर बोटाला लागणारा तुपकट थर. मिश्रण बरोबर होतं, फिरवणंही बरोबर होतं. कारण हवेत. हार्डनर, म्हणजे एपॉक्सीतला दुसरा द्रव, हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरतो आणि पृष्ठभागावर तो थर येतो. दोनशे ऐंशी रुपयांचा आर्द्रतामापक आणला, पडवीत लावला, तो नव्वदच्या खाली यायलाच तयार नव्हता. या एका यंत्राने माझी जेवढी चिडचिड वाचवली तेवढी कशानेच नाही. आपलं काही चुकतंय की हवेचं, हे निदान कळतं.

घरातलं लाकडी कपाट रिकामं करून त्यात दिवा लावून हवा सुकवायचं ठरवलं, पण एलईडीला ऊबच नसते. जुना पिवळा, तारेचा साठ वॅटचा दिवा दोन-तीन दुकानं फिरून मिळाला. बंद कपाटात तो तासभर जळला की आर्द्रता साठच्या आसपास येते. रॉड अख्खा कपाटात मावत नाही, तीन फुटी तुकडा मात्र तिरका मावतो. तीन तुकड्यांचा ब्लँक घेतल्याचा हा फायदा मला आधी सुचला नव्हता. शिवाय दार लावलेलं राहतं. पावसाळ्यात संध्याकाळी दिव्याभोवती जे पंखवाले किडे येतात त्यांना ओलं एपॉक्सी फार आवडतं, आणि एकदा बसले की पंख तिथेच ठेवून जातात.

मोजमापाचं एक सांगायला हवं, कारण इथे परदेशी सल्ला आणि आपलं दुकान यांचा मेळ बसत नाही. रॉडच्या दोऱ्यावरचं एपॉक्सी बहुधा घनफळाने एकास एक मिसळायचं असतं. सगळे सिरिंज वापरा म्हणतात. केमिस्टकडच्या सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉनचं वंगण असतं, ते एपॉक्सीत उतरलं तर सुकताना थरात वाटोळे खड्डे पडतात. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं मोजपात्र धुऊन, कोरडं करून वापरलं: एक भाग अडीच मिलीच्या खुणेपर्यंत, त्यावरच दुसरा पाचपर्यंत. दोन्ही बाटल्या आधी कोमट पाण्यात उभ्या ठेवल्या, म्हणजे द्रव पातळ होतो आणि बुडबुडे कमी धरतो. काडीने सावकाश, कडा आणि तळ खरवडत, तीन-चार मिनिटं ढवळायचं. मग लगेच ते सगळं अॅल्युमिनियम फॉइलवर पसरायचं. पातळ थरात बुडबुडे वर येऊन फुटतात आणि उष्णता साठत नसल्यामुळे ते घट्टही उशिरा होतं. भांड्यात तसंच ठेवलं तर आपलं आपण तापून लवकर आवळतं.

रॅपवरच्या उरल्यासुरल्या बुडबुड्यांना स्पिरिटच्या दिव्याची ज्योत. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शाईच्या दौतीचा असायचा तसाच केला: दौत, झाकणाला भोक, त्यात पितळी नळी आणि सुती वात. पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट साठ रुपयांना. लायटर नको, त्याची काजळी धरते. ज्योत खालून झटक्यात फिरवायची, थांबवायची नाही. दिवसा ती जवळजवळ दिसत नाही, तेव्हा हात आणि बाही सांभाळा. मिसळताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, हार्डनरने कातडीला ॲलर्जी उठते.

ऑगस्टमध्ये खरा ब्लँक घेतला. टाईलवर बूड टेकवून, मध्यावर दाबून फिरवलं की तो एका जागी टुणकन वळतो, ती त्याची पाठ. तिथे खूण. रील सीट, म्हणजे रील बसवायची नळी, ब्लँकपेक्षा सैल असते. मधली जागा भरायला पीओपीवाले सांध्यावर लावतात ती जाळीची टेप गुंडाळली, तिच्या भोकांतून ॲराल्डाइट आरपार जातं. पाच मिनिटांचं नको, सावकाश सुकणारं घ्या. टॉपला मात्र ग्लू गनची कांडी वितळवून, कारण तो पुढे कधी बदलावा लागला तर नुसत्या उष्णतेने निघायला हवा.

गाईडांच्या जागा ठरवायला फार भारी वजनकाटा लागत नाही, लिटरभर पाण्याचं वजन एक किलो. ब्लँकचं बूड पडवीच्या खांबाला बांधलं, टोकाला दोरी आणि बाटली. पाणी भरत गेलं तसा ब्लँक वाकत गेला. तात्पुरत्या धरलेल्या गाईडांतून ओवलेली लाईन वाकलेल्या ब्लँकशी जिथे जास्त कोन करते तिथे गाईडांमधलं अंतर कमी करायचं, लाईन ब्लँकला चिकटत असेल तिथे एक सरकवायचं. पहिलं 30 नंबरचं, पुढे लहान होत टोकाकडे 8 नंबर. प्रत्येक पायाचं टोक कानशीने घासून निमुळतं केलं, म्हणजे दोरा ब्लँकवरून पायावर चढताना पायरी लागत नाही आणि फट राहत नाही. शेजारचे काका येऊन बराच वेळ बाटलीकडे बघत उभे होते. “मासा कुठाय?” एवढंच विचारून गेले.

दोरा मी भरतकामाच्या मशीनचा पॉलिस्टर घेतला, पस्तीस रुपयांना एक मोठं रीळ. सुती नको, त्याला लव असते. एपॉक्सी लागलं की रंग बराच गडद होतो, म्हणून आधी तुकड्यावर लावून बघा. माझा निळा जवळजवळ काळा झाला आणि मला तो आवडला. सुरुवात अशी: दोऱ्याचं टोक ब्लँकवर आडवं, त्यावरूनच पाच-सहा वेढे, मग टोक कापायचं. शेवटचे सात-आठ वेढे राहिले की दोऱ्याचाच एक दुमडलेला फास त्यांच्याखाली घालायचा, संपताना टोक त्याच्यातून ओवून फास ओढला की ते वेढ्यांखाली जातं. हे हाताला कळायला वेळ लागतो. पहिल्या संध्याकाळी एक गाईड झालं, पुढे एका बैठकीत तीन-चार व्हायला लागली. 27 तारखेला गणपती आले आणि टेबल त्यांना द्यावं लागलं, म्हणून उरलेलं काम सप्टेंबरवर गेलं.

एपॉक्सीचा पहिला हात सप्टेंबरच्या उघडिपीत, कपाटात. पातळ लावायचा, दोऱ्यात मुरेल एवढाच. रात्री नऊला मोटर लावली आणि साडेनऊला लाईट गेली. बायको आणि मी आळीपाळीने कॅप हाताने फिरवत बसलो. पहिला तास सतत, नंतर दर दोन-तीन मिनिटांनी पाव फेरा, पुढे दर दहा मिनिटांनी. साधारण तीन तासांत ते ओघळायचं थांबतं. अकराच्या सुमाराला बायको म्हणाली, “हे मोटरपेक्षा बरं आहे, निदान तू मोबाईल तरी खाली ठेवलायस.” लाईट साडेअकराला आली. थरात काही फरक दिसला नाही. दुसऱ्या हाताच्या वेळी मोटर इन्व्हर्टरच्या प्लगवर लावली, तीन-चार वॅटने बॅटरीला काही होत नाही. मोटर निदान पाच-सहा तास फिरू द्या, पण रॉड वापरायची आठवडाभर घाई नको.

दुसरा हात ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिला. हवा कोरडी झाल्यावर दिव्याचीही गरज उरली नाही, आणि तो थर पहिल्यापेक्षा स्पष्टपणे नितळ आला. पुन्हा करायचं झालं तर दोरा पावसाळ्यात गुंडाळेन आणि एपॉक्सी सगळं ऑक्टोबरवर ठेवेन.

हिशेब. अवजारं आणि त्याबरोबरचं किरकोळ (स्टँड, फेल्ट, टेन्शन, मोटर, जंक्शन बॉक्स, कॅप-स्क्रू, पॉलिश पेपर, एम-सील, स्पिरिट, आर्द्रतामापक, हातमोजे): 1,050 रुपये. रॉडचं साहित्य वेगळं: ब्लँक भाडं-शुल्कासह 10,100, गाईडं 1,600, रील सीट 450, ईव्हीए 350, दोरे 70, एपॉक्सी 1,100. म्हणजे 13,670. तेव्हा पैसे वाचवायला रॉड बांधू नका, या किमतीत दुकानात चांगला तयार रॉड मिळतो. पैसे वाचतात ते दुरुस्तीत. एक गाईड दीड-दोनशेला येतं आणि अवजारं आता घरात आहेत. भाट्याच्या खाडीवर सोबत असणाऱ्या दोघांच्या रॉडची तीन गाईडं तेवढ्यात बदलूनही झाली.

नवा रॉड दिवाळीआधी भरतीला घेऊन गेलो. दोन लहान तांबोशी मिळाल्या. मी दर फेरीनंतर गाईडं गोड्या पाण्याने धुतो आणि रॅपच्या कडांना नख लावून बघतो. कड कुठे उचलली असेल तर तिथून मीठ आत जातं आणि पायाखाली गंज धरतो. अजून तरी कुठे उचललेली नाही.

ज्यांना एवढा पसारा नको, त्यांनी गाईड गेलेला एखादा जुना रॉड, पुठ्ठ्याची पेटी, कप, जाड पुस्तक आणि भरतकामाचं रीळ एवढ्यावर सुरू करावं. एकाच गाईडला मोटर लागत नाही, हाताने फिरवलेलं चालतं. एपॉक्सीची सर्वात लहान बाटली घ्या, कारण उघडल्यावर हार्डनर महिन्यागणिक पिवळा पडत जातो, आणि दोन्ही बाटल्यांच्या झाकणांवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहून ठेवा. झाकणं अदलाबदल झाली तर ती पुन्हा उघडत नाहीत.